बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही?

गोव्यात अजूनही एखादं तान्हं बाळ बाप्तिस्म्याआधी गेलं, की कोणीतरी बोलून जातं, 'त्याला स्वर्ग नाही, ते लिंबोत राहणार, म्हणजे ना स्वर्गात ना नरकात, मधेच कुठेतरी.' ओल्या बाळंतिणीला हे ऐकवणं क्रूर आहे, आणि चुकीचंही. लिंबो ही मध्ययुगीन धर्मपंडितांची कल्पना. कॅथलिक चर्चने तिला श्रद्धासिद्धांत कधीच केलं नाही. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवली. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानेही त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार असल्याचं सांगितलं.

म्हणून बाप्तिस्मा लांबवायचा, असं मात्र नाही. बाळाच्या जिवाला धोका असेल तर हिंदू नर्ससुद्धा, चर्चला अभिप्रेत तोच हेतू धरून, डोक्यावर पाणी ओतत पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तो देऊ शकते. तेही राहून गेलं, पण आईवडिलांची बाप्तिस्म्याची इच्छा होती, तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी मिळतो.