काकूंचं पासबुक आणि मेंदूची भूक

आमच्या शेजारच्या काकू दर सोमवारी आणि गुरुवारी बँकेत जायच्या, पासबुक भरायला. पेन्शन महिन्यातून एकदा येते, लाइट बिल मुलगा बंगळूरहून ऑनलाइन भरतो, मग आठवड्यातून दोनदा पासबुकात भरायचं असतं तरी काय? काहीच नाही. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "काकू, आजपण एन्ट्री नाही हं," काकू म्हणायच्या, "असू दे गं, बघून घेतलेलं बरं," मग तिचं सासर, काकूंचे गुडघे, पाऊस, सगळं दोन मिनिटांत उरकून काकू घरी. गेल्या वर्षी तिथे पासबुकाचं मशीन बसलं आणि काउंटरवर गेलं की "मशीनला लावा" सांगायला लागले. काकूंचं जाणं कधी बंद झालं ते खरं सांगते, माझ्या लक्षातपण आलं नाही. आलं ते त्या माझ्यावर रुसल्यावर. त्यांच्या गुड मॉर्निंगला मी चार दिवस उत्तर दिलं नव्हतं. "निळी टिक दिसते हो मला," म्हणाल्या, "नकोशी झालेय मी सगळ्यांना, कळतं."

हे रुसणं पुढे परत येणारे, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आपल्याकडे एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा असे तीन शब्द आहेत आणि बोलताना आपण ते सर्रास एकमेकांत मिसळतो. एकांत माणूस स्वतः शोधत जातो. एकटेपणा म्हणजे घरात दुसरं कुणी नाही, सरळ मोजता येणारी गोष्ट. एकाकीपणा असा मोजून सापडत नाही, कारण आपल्याला हवी तशी माणसं आणि प्रत्यक्षात असलेली माणसं यांच्यात जी तफावत वाटते ना, ती म्हणजे एकाकीपणा. त्यामुळे दहा माणसांच्या घरात नवी सून एकाकी असू शकते आणि वनरूममध्ये एकटा राहणारा एखादा मस्त मजेत.

शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले की एकाकीपणा ही तहान-भुकेसारखी शरीराची घंटा आहे. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या टीमने ते जवळपास डोळ्यांनी दाखवलं. 40 जणांना एक दिवस 10 तास एकटं ठेवलं, ना माणूस ना सोशल मीडिया, आणि दुसऱ्या एका दिवशी 10 तास उपाशी. मग एमआरआयमध्ये झोपवून फोटो दाखवले, जेवणाचे आणि गप्पा मारणाऱ्या माणसांचे. मध्यमेंदूत डोपामाइन या रसायनावर चालणारा, हवंसं वाटण्याशी जोडलेला एक भाग आहे. उपाशी असताना तो जेवणाच्या फोटोंना जोरात प्रतिसाद देत होता, आणि एकटं राहिल्यावर तोच भाग माणसांच्या फोटोंना. फक्त 10 तासांत!

पण भूक आणि एकाकीपणा यांच्यात एक वाईट फरक आहे. भुकेलेला माणूस ताटाकडे धावतो, फार दिवसांचा एकाकी माणूस मात्र माणसांपासून मागे सरकतो. कॅसिओपोंचा तर्क असा की कळपातून बाहेर पडलेल्या आदिमानवाला रात्री गाढ झोपणं परवडणारं नव्हतं, त्याने सारखं सावध राहायला हवं, आणि तेच वायरिंग अजून आपल्या डोक्यात आहे. म्हणून एकाकी माणसांची झोप तुटक असते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची नाराजी त्यांना आधी दिसते, कधीकधी नसलेलीसुद्धा. काकूंची निळी टिक ती हीच. मी ऑफिसच्या गडबडीत होते, त्यांना दिसला नकार. मग त्या तुसडं बोलणार, लोक आणखी लांब जाणार, आणि काकूंना वाटणार, बघा, म्हटलं नव्हतं?

त्यामुळे "जरा चार लोकांत मिसळत जा" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. 2011 साली शिकागोच्याच संशोधकांनी एकाकीपणा घालवायच्या उपायांचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. गाठीभेटी वाढवणं, आधार देणं, बोलायची कौशल्यं शिकवणं, याने फरक पडतो पण थोडा. सगळ्यात जास्त फरक पडला तो "मी कुणाला नकोय" हा मनातला हिशोब तपासायला शिकवल्यावर.

आणि सगळ्यांची भूक एकाच पदार्थाची नसते. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच दोन प्रकार सांगितले होते. एक, जिवाभावाचं माणूस नसणं, आणि दोन, आपला ग्रुप नसणं, आणि एकाची कमी दुसऱ्याने भरत नाही. काका गेले त्याची जागा भजनी मंडळ घेणार नाही, पण जिवापाड जपणारा नवरा असूनही परगावी बदली झालेल्या बाईला मैत्रिणी लागतातच.

आता, हा म्हाताऱ्यांचा आजार आहे असं जे आपण धरून चालतो ते पण चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालात जगातल्या दर 6 माणसांमागे 1 एकाकी आहे आणि सगळ्यात जास्त प्रमाण 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये, साधारण 21 टक्के. गरीब देशांत हे प्रमाण 24 टक्के आणि श्रीमंत देशांत 11, म्हणजे "हे सगळं तिकडच्या लोकांचं, आपल्याकडे कुटुंब आहे" हेपण गेलं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. खांद्याला खांदा लावून शंभर पोरं एमपीएससीचा अभ्यास करताहेत, आणि शेजारचा हा मित्र पण आणि त्याच एका जागेसाठीचा स्पर्धक पण. गावाकडून फोन आला की "चाललंय चांगलं" एवढंच, कारण तिसरा अटेम्प्ट गेलाय हे घरी कोणत्या तोंडाने सांगणार.

काही एकाकीपणा तर आपण रीतसर, विधी करून देतो. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि मग हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, म्हणजे ज्या वर्षी बाईला मैत्रिणींची सगळ्यात गरज त्याच वर्षी तिची संक्रांत बंद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं परिपत्रक काढलं. ठरावाने मनं लगेच बदलतात असं नाही, पण इथे बाईचं डोकं तपासून उपयोग नव्हता, दार बाहेरून लावलेलं होतं.

पुरुषांचं वेगळंच. रिटायर झाले की ऑफिसबरोबर सगळे मित्रपण जातात, आणि समोरासमोर बसून "मन मोकळं करा" म्हटलं की गप्प. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात यासाठी 'मेन्स शेड', म्हणजे पुरुषांनी मिळून वापरायच्या कामाच्या शेड सुरू झाल्या, तिथे सुतारकाम करायचं, सायकली दुरुस्त करायच्या. हात कामात आणि नजर लाकडावर असली की बोलणं आपोआप निघतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांचा 2014 चा ट्रेनमधला प्रयोग. शिकागोच्या लोकलमध्ये काहींना सांगितलं अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा, काहींना रोजच्यासारखं. लोकांचा अंदाज होता की बोलण्याने प्रवासाची मजा जाईल, पण सगळ्यात छान प्रवास बोलणाऱ्यांचाच झाला. हे आपल्या 8.14 च्या लोकलच्या ग्रुपला सांगायला गेलात तर हसतील, ते वर्षानुवर्षं डब्यात भजनं म्हणताहेत, दसऱ्याला डबा सजवताहेत आणि एकमेकांची आडनावंसुद्धा नीट माहीत नाहीत! वरवर किरकोळ वाटणारी ही ओळख, भाजीवाला, रिक्षावाला, बँकेतली मुलगी, आपण ॲप आणि मशीन बसवताना हिशोबातच धरत नाही. वेळ वाचतो हे खरं, मीपण तीच ॲप वापरते.

काकूंना घेऊन मग मी एका शनिवारी बँकेत गेले, मशीन शिकवायला. पहिल्यांदा पासबुक उलटं गेलं, मग पान चुकलं, तिसऱ्यांदा खर्रर्र करून छापून आलं. मागे एक आजोबा तेच पासबुक चार वेळा घालून वैतागलेले. काकू वळून म्हणाल्या, "अहो, बारकोडची बाजू बघा आधी." मग त्यांच्यामागच्या बाईंना सांगितलं. मी अर्धा तास खुर्चीत बसून होते.

आता सोमवार, गुरुवार परत सुरू आहे. वॉचमन मशीन अडलं की काकूंनाच हाक मारतो, आणि मागच्या आठवड्यात त्यांचा गुड मॉर्निंग आलाच नाही म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, आज दहा तारीख, पेन्शनवाल्यांची गर्दी असते, नंतर बोलू."