काळ्या धुळीतली गारगोटी

दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, पण खान्देशात कोळशाची एकही खाण नाही. आपल्या पायाखाली सगळा बेसाल्ट. खाणी आहेत त्या चंद्रपूर-घुग्घूसकडे. तिथून निवृत्त होऊन जळगावकडे परतलेला माणूस खोकायला लागला, की त्याला गूळ खाण्याचा ठरलेला सल्ला मिळतो : "गूय खा भो, छातीतली धूळ निघून जाते." हल्ली याला १९९४ सालच्या एका प्रयोगाचाही आधार देतात. तो प्रयोग उंदरांवरचा होता. खाणीतल्या धुळीने फुप्फुसात गाठी होतात, त्या आजाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. माणसाच्या फुप्फुसातल्या या गाठी गुळाने विरघळल्याचा पुरावा नाही. गूळ चवीसाठी खावा.

केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकाघशातच अडकतात. त्याहून बारीक कण श्वासनलिकांच्या ओल्या अस्तराला चिकटतात आणि तिथली सूक्ष्म लव त्यांना वर ढकलते. खाणीतल्या कामाची पाळी संपल्यावर पडणारा काळा बेडका तो हाच. म्हणजे तेवढी धूळ बाहेर आली. खरा घात करतात ते चार-पाच मायक्रॉनच्या आतले कण. ते थेट फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशात उतरतात, आणि तिथे लव नसते. तिथली राखण मॅक्रोफेज या भक्षक पेशींकडे.

मॅक्रोफेज कण गिळून लायसोसोम नावाच्या पिशवीत टाकते आणि विकरांनी पचवू पाहते. कोळसा पचत नाही, पण तो पोटात घेऊन पेशी बराच काळ तग धरते. (म्हणून कोळसा निरुपद्रवी ठरत नाही, वर्षानुवर्षं साचला तर आजाराला तोही पुरेसा आहे.) त्याच धुळीतल्या गारगोटीचा, म्हणजे स्फटिकी सिलिकाचा कण मात्र लायसोसोमचं पटलच फाडतो. विकरं पेशीतच सांडतात, एनएलआरपी३ हे प्रथिनांचं संकुल जागं होतं, इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप्या सुटतो आणि पेशी मरते. कण? जसाच्या तसा मोकळा! दुसरी मॅक्रोफेज तोच कण गिळते, तीही मरते. दर फेरीला फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे आणखी चिवट तंतू विणतात आणि मऊ फुप्फुसात चिवट गाठी वाढत जातात. खाण सोडून कित्येक वर्षं झाली तरी आजार पुढे सरकू शकतो, तो यामुळेच.

कोळशाचे थर पातळ असले, की यंत्रं वरखालचा दगडही कापतात आणि धुळीत सिलिका वाढते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या तीन दवाखान्यांत या आजाराच्या सर्वांत गंभीर अवस्थेचे ४१६ रुग्ण २०१३ ते २०१७ या काळात आढळल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं, त्यामागे हेच कारण मानलं जातं.

एक्स-रेत या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि क्षयही तिथेच दिसतो. शिवाय सिलिकाने मॅक्रोफेज दुबळ्या झाल्यामुळे क्षय होण्याची शक्यताही वाढते. तेव्हा थुंकी तपासायचीच, पण खाणीत कोणतं काम किती वर्षं केलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. न्यूमोकोनिओसिस हा कायद्याने सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. भरपाईचा दावा त्या निदानावर उभा राहतो, 'जुना दमा' लिहिलेल्या चिठ्ठीवर नाही.