आधी नारळ की आधी बोट?

जुलै संपत आला की सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरांवर तोच विषय निघतो: बोटी पावसाळी मासेमारीबंदी उठताच १ ऑगस्टला लोटायच्या की नारळी पुनवेला नारळ घालून? हा वाद कायद्याचा आहे, तसाच दर्याचे उपकार मानण्याच्या एका जुन्या रीतीचाही.

कोकणात जे रोज ताटात पडतं त्याची पोच देण्याच्या रीती बऱ्याच. भातशेतीत 'नवं' बांधतात: आश्विनात नव्या भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडू, कुरडू यांची जुडी दारावर, विहिरीवर, हल्ली मोटारसायकलच्या हँडलवरसुद्धा. तोवर नवा तांदूळ तोंडात घालायचा नाही. बागेत राखणदाराला नारळ, देवळात गाऱ्हाणं. इथे आभार आणि मागणं वेगळं काढता येत नाही. आजवर सांभाळलंस, पुढेही सांभाळ, हे एका दमात सांगून होतं. रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायची शहरी टूम अलीकडची, तिला तिथी लागत नाही. इथल्या रीतीला तिथी लागते आणि तिथी येईपर्यंत हात आवरावा लागतो.

दर्याच्या बाबतीत ही तिथी श्रावणी पौर्णिमा. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या, जाळी विणायची, खारं-सुकं खाऊन दिवस काढायचे. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याचा मानाचा नारळ आधी, बाकीच्यांचे मागून; ही परंपरा शिवकाळापासूनची सांगतात. नारळ लढवण्याची, म्हणजे नारळावर नारळ आपटून फोडायच्या खेळाची, झुंबड त्यानंतरची. शिडाच्या होडीला जूनच्या वाऱ्यात बाहेर जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे थांबण्यात भक्ती किती आणि नाइलाज किती, हे कोणी मोजत बसलं नाही. इंजिनं आली, ट्रॉलर आले, तेव्हा नाइलाज संपला आणि थांबणं हा निर्णयाचा भाग झाला.

पुढे राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. त्याखालची पावसाळी बंदी बरीच वर्षं १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. सरकारी कागदात पंचांगातली तिथी यावी, हे आज वाचताना गंमतीचं वाटतं. पण किनाऱ्याला तो नियम आपला वाटत होता. पौर्णिमा कधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कधी अखेरीस येते, म्हणून १५ ऑगस्टची मर्यादा. बिनयांत्रिक होड्यांना बंदी लागू नव्हती, आजही नाही.

२०१५ मध्ये केंद्राने सगळ्या पश्चिम किनाऱ्यासाठी एकच मुदत ठरवली: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. आधीची १५ ऑगस्टपर्यंत धरली तर ६७ दिवसांची होती. कारण सांगितलं गेलं ते खोटं नव्हतं. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत. एका राज्याची बंदी उठली आणि दुसऱ्याची चालू, तर शेजारच्या बोटी येऊन मासळी उचलून नेतात. मालवणच्या मच्छीमाराला हे कोणी समजावायला नको. पण एकसारखेपणा साधताना तो ऑगस्टकडे न ओढता जुलैकडे का ओढला, याचं पटेल असं उत्तर किनाऱ्याला मिळालेलं नाही. जूनचे पहिले नऊ दिवस बंदीत आले, ऑगस्टचे पंधरा गेले. पावसाळा बहुतेक मासळीचा विणीचा हंगाम, आणि ऑगस्टच्या आरंभी दर्या पुरता निवळलेलाही नसतो. मोठ्या बोटवाल्यांचं म्हणणं वेगळं: कर्जाचे हप्ते चालू, खलाशांना आगाऊ पैसे दिलेले, गोवा आणि कर्नाटकच्या बोटी १ ऑगस्टला सुटणार, आपणच का बसायचं? तेही ऐकण्यासारखं आहे, मात्र लहान होडीवाल्याच्या म्हणण्याला तेवढे कान मिळत नाहीत.

यातून विधी मागे पडला. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे पौर्णिमा ३० ऑगस्टला आली; नारळ पडला तेव्हा ट्रॉलर महिनाभर मासळी उतरवत होते. गंमत अशी की मिरवणुका याच काळात मोठ्या झाल्या: ढोलपथकं, बॅनर, बक्षिसांच्या स्पर्धा.

नंतरची भांडणं जाळ्यांवर गेली. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्यात पर्ससीनला, म्हणजे मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याला, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढेच महिने ठेवले. २०१७ मध्ये एलईडीच्या प्रकाशातल्या मासेमारीवर केंद्राची बंदी आली; रात्री किनाऱ्यावरून दिसणारे दिवे अजून तक्रारीचा विषय आहेत. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला, त्यामागे लहान पापलेटच्या उपशाची काळजी होती. बंदी १५ ऑगस्टपर्यंत किंवा पुनवेपर्यंत न्यावी, ही मागणी अधूनमधून होते. २०२६ ची नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीची, म्हणजे ३१ जुलैनंतर जवळपास चार आठवड्यांनी.