बावट्यापासून ‘रेड अलर्ट’पर्यंत: इशाऱ्यांच्या भाषेची पार्श्वभूमी

‘उद्या रेड अलर्ट’ असा मेसेज फिरतो, शाळांना सुट्टी लागते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले की हवामान खात्यावर विनोद सुरू होतात. यात अंदाज कधी चुकलेला असतो, कधी नसतो. शब्द मात्र हमखास चुकलेला असतो, कारण पावसाच्या इशाऱ्यांच्या अधिकृत परिभाषेत ‘रेड अलर्ट’ नाहीच. तिथे पिवळा म्हणजे ‘वॉच’, नारिंगी म्हणजे ‘अलर्ट’ आणि लाल म्हणजे ‘वॉर्निंग’.

इशाऱ्यांची सुरुवात जमिनीवरच्या माणसांसाठी झालीच नाही, ती जहाजांसाठी झाली. १८६४च्या चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केल्यावर पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची सोय झाली; देशभरासाठी खाते उभे राहिले ते १८७५मध्ये. बंदरांवर दिवसा सुळके-नळकांडी आणि रात्री लाल-पांढरे दिवे चढवायचे, अशी अकरा खुणांची पद्धत रुळली. कोकण किनाऱ्यावर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणतात तो हाच.

हे आकडे म्हणजे चढत्या पायऱ्या, असा समज तेव्हापासूनचा आहे. एक-दोन दूरच्या समुद्रातल्या गडबडीसाठी, तीन-चार बंदराला स्थानिक सावधगिरीसाठी. पण पाच, सहा, सात या तिन्हींचा धोका सारखाच. फरक फक्त वादळ बंदराला डावीकडे ठेवून जाणार, उजवीकडे ठेवून जाणार की अंगावरून जाणार, एवढाच. आठ, नऊ, दहाचेही तसेच, फक्त धोका मोठा. आणि अकरा म्हणजे महाभयंकर वादळ नव्हे, तर इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला! खलाशाला हे पाठ असायचे, कारण वादळ कोणत्या बाजूने जाते त्यावर वारा कुठून फिरणार ते ठरते. जमिनीवरच्या माणसाला मात्र ‘नऊ’ हा ‘आठ’पेक्षा मोठाच वाटणार.

किनाऱ्यावरच्या प्रशासनासाठी पुढे वेगळे टप्पे आले. आधी दोनच होते: निदान ४८ तास आधी ‘अलर्ट’ आणि २४ तास आधी ‘वॉर्निंग’. नंतर या दोन्हींच्या आधी ७२ तासांचा ‘वॉच’ आणि शेवटी वादळाने किनारा ओलांडल्यानंतरच्या परिस्थितीचा, साधारण १२ तास आधी येणारा इशारा जोडला गेला. २००६च्या मान्सूनोत्तर हंगामापासून यांना रंग मिळाले, आणि खरी गुंतागुंत इथे झाली. चक्रीवादळात ‘अलर्ट’ला पिवळा, ‘वॉर्निंग’ला नारिंगी आणि किनारा ओलांडल्यानंतरच्या इशाऱ्याला लाल. पावसाच्या जिल्हावार इशाऱ्यांत ‘अलर्ट’ नारिंगी आणि ‘वॉर्निंग’ लाल. म्हणजे एकच शब्द वादळात पिवळा, पावसात नारिंगी, आणि लोकांच्या तोंडी लाल. वृत्तवाहिन्यांनी तिन्ही रंगांना सरसकट ‘अलर्ट’ जोडल्यावर उरलासुरला भेदही पुसला गेला. एकाच खात्याने दोन तक्ते चालवायला नको होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मराठीत आणखी एक गाठ आहे: ‘अतिवृष्टी’. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की नुकसानभरपाईच्या कागदावर अतिवृष्टी होते. हवामानशास्त्रात मात्र ६४.५ ते ११५.५ हा नुसता जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, आणि त्यावरचा अत्यंत जोरदार. या शेवटच्यालाही बातम्यांत अतिवृष्टीच म्हणतात. महसूल खाते आणि बातम्या एकच शब्द वापरतात आणि आकड्यांत तिपटीचा फरक असतो.

हे सगळे आकडे २४ तासांचे आहेत, आणि ते किती अपुरे आहेत हे २६ जुलै २००५ला कळले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाची होती. नंतर ५०चे उद्दिष्ट ठरले. आता हिशेब करा: ६४ मिलिमीटर दिवसभर रिमझिमत पडला तर कोणाच्या लक्षातही राहणार नाही, आणि तेवढाच भरतीच्या वेळी एका तासात पडला तर रेल्वेरूळ पाण्याखाली. म्हणूनच पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, रडारवरून तीन तासांचे तातडीचे इशारे सुरू झाले, आणि रंग ठरवताना पाऊस किती यासोबत त्याची शक्यता किती आणि परिणाम काय, हेही धरले जाऊ लागले. घाटमाथ्याचा इशारा पुणे, सातारा, कोल्हापूरच्या उरलेल्या जिल्ह्यापासून वेगळा देणे हा त्यातलाच शहाणपणा.

तरी दोन गोष्टी वाचताना निसटतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. तुमचे गाव कोरडे राहिले म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. आणि खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. संध्याकाळी चार वाजता ‘आजचा रेड अलर्ट फुकट गेला’ म्हणणाऱ्याची अख्खी रात्र बाकी असते.

रंग मुळात कृतीसाठी आहेत. पिवळ्यात पन्हळ आणि गटाराच्या जाळ्या साफ करायच्या, पत्र्याच्या जे-हुकांचे नट आवळायचे, तडकलेले वायसर बदलायचे. वारा पत्रा मधून नाही, कडेने उचलतो. वळचणीचा एक हुक सैल असला की खाली हवा शिरते आणि पुढचे हुक ओळीने उपटतात. नारिंगीत माणशी रोज तीन-चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे, प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे, चार्ज केलेली पॉवर बँक. गाडी तळघरातून वर. लालमध्ये बाहेर पडायचे नाही, आणि स्थलांतराचा निरोप आला तर उजेड असतानाच निघायचे. मेन स्विच पाणी सॉकेटपर्यंत पोहोचायच्या आधी बंद करायचा. पाण्यात उभे राहून त्याला हात लावायचा नाही. वाहते पाणी अर्धा फूट असले तरी पाय निसटतो, एक फुटात छोटी गाडी तरंगू लागते, दोन फुटांत मोठीही वाहून जाते. चक्रीवादळात मध्येच वारा पडला तर तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो: अर्ध्या-पाऊण तासात वारा उलट्या दिशेने येतो, आणि तेवढ्यात पत्रे बघायला गच्चीवर गेलेला माणूस सापडतो.

विजेसाठी मात्र रंगाची वाट पाहायची नाही. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. गडगडाट ऐकू आला म्हणजे आत जायलाच हवे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचे.