ट्रायबल बेली डान्सचा पट्टा: कवड्या, नाणी आणि गोंडे आले कुठून

कवड्या, आरसे, जुनी नाणी आणि लोकरी गोंड्यांनी भरलेला ट्रायबल बेली डान्सचा पट्टा पाहिला की तो एखाद्या भटक्या जमातीत पिढ्यानपिढ्या चालत आलेला असावा असे वाटते. पण संचाने नाचायची बेली डान्सची ही शैली आणि तिचा या रूपातला पट्टा साधारण १९७० ते १९९० या काळात अमेरिकेत, मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोत, आकाराला आला. त्यावरचे सुटे भाग मात्र अस्सल आहेत आणि प्रत्येकाचे गाव वेगळे आहे. स्वतः पट्टा बनवणाऱ्याला हे माहीत असायला हवे. कोणता भाग कशासाठी घडला होता हे कळले की तो कुठे लावावा, किती भार सहन करील आणि कुठून तुटेल हेही कळते.

बेली डान्स ज्याच्याशी जोडला जातो त्या इजिप्तमध्ये पट्टा असा नव्हता. १८३० च्या दशकातल्या वर्णनांत गवाझी नर्तकी लांब अंगरख्यावरून नितंबांभोवती शाल बांधलेल्या दिसतात. १८३४ मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अली याच्या राजवटीने त्यांना कैरोतून हद्दपार केले आणि अनेकजणी वरच्या इजिप्तकडे गेल्या. चोळी आणि पट्ट्याचा मण्यांनी मढवलेला जोड, म्हणजे बेदला, रूढ झाला तो विसाव्या शतकातल्या कैरोच्या नाइटक्लबांमधून. बादिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये तिथे आपले नाट्यगृह सुरू केले. तिथल्या नाचाला रंगमंच होता, दिवे होते आणि मध्यभागी एकटी नर्तकी होती. या वेषात पाश्चात्त्य रंगभूमी आणि हॉलिवूडच्या कल्पना भरपूर मिसळल्या. तो पट्टा ताठ, अंगाला चिकटून बसणारा आणि खाली काचमण्यांची झालर असलेला.

ट्रायबलचा पट्टा या वाटेने आला नाही. जमिला सलिमपूर यांनी १९६८ मध्ये ‘बाल अनात’ हा संच उभा केला, तो कॅलिफोर्नियातल्या रेनेसान्स फेअर या उघड्यावरच्या जत्रेसाठी. दिवसाउजेडी, धुळीत, प्रेक्षकांच्या अगदी जवळ नाचायचे होते. तिथे टिकल्यांच्या चमचमाटापेक्षा जड धातू, लोकर, गडद रंग आणि असिउत कापड जास्त शोभले. असिउत म्हणजे नाईलकाठच्या असियूत शहरातले, जाळीवर चपट्या धातूच्या पट्ट्या दुमडून नक्षी केलेले कापड. जमिला यांच्या शिष्या माशा आर्चर या चित्रकार आणि दागिन्यांच्या रचनाकार. त्यांनी वेगवेगळ्या प्रदेशांतल्या वस्तू दिसायला जुळतात म्हणून बिनदिक्कत एकत्र केल्या आणि साऱ्या संचाला एकसारखा वेष दिला. त्यांच्याकडे १९७४ पासून शिकलेल्या कॅरोलिना नेरिचिओ यांनी १९८७ मध्ये ‘फॅटचान्स बेलीडान्स’ सुरू केले. त्यातूनच ‘अमेरिकन ट्रायबल स्टाइल’ उभी राहिली. आखूड चोळी, प्रचंड घेराचा घागरा, आत सलवारीसारखी विजार, डोक्याला फेटा आणि कमरेखाली गोंड्यांचा पट्टा असा तिचा वेष. चोळी थेट भारतातून घेतलेली.

या शैलीत नाच आधी बसवलेला नसतो. पुढची नर्तकी खुणा देते, मागच्या त्या वाचून तोच पदन्यास करतात. पुढची डाव्या कोपऱ्यात, डावीकडे तिरकी उभी राहते, म्हणजे मागच्यांना तिची पाठ आणि उजवी बाजू दिसते. बहुतेक हालचालीही उजव्या बाजूने सुरू होतात. पट्ट्याची सारी रचना यावरून ठरते. मागचा भाग पुढच्याइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा. उजव्या नितंबावरचे गोंडे सगळ्यात जास्त झुलतात, आणि तिथलेच टाके आधी सैल होतात. बाजारातले बरेच तयार पट्टे पुढून भरगच्च आणि मागून रिकामे असतात. या नाचासाठी ते उलटेच झाले.

भाग आणि त्यांची गावे

गोंडे मध्य आशियातून आले. तुर्कमेन आणि उझबेक लोकांत ते तंबूच्या सजावटीला आणि उंट-घोड्यांच्या साजाला लावत. म्हणून जुने गोंडे इतके दणकट असतात. जाड मोठी पदके, खड्यांच्या साखळ्या, नाण्यांच्या झालरी आणि मण्यांनी विणलेल्या ‘गुल’ नावाच्या गोल चकत्या अफगाणिस्तानातल्या कुची या पश्तून भटक्या पशुपालकांच्या. १९६० आणि ७० च्या दशकांत युरोपातून काबूलमार्गे भारतात येणारे हिप्पी हे दागिने घेऊन जात. १९७९ मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत फौज यांनी ती वाट बंद केली. पुढे निर्वासितांबरोबर हाच माल पेशावरच्या बाजारात आला आणि तिथून अमेरिकेत गेला. ज्या काळात ट्रायबलचा वेष ठरत होता त्याच काळात हे दागिने स्वस्तात मिळत होते, कारण घरदार सुटलेली माणसे ते विकत होती. पट्ट्याच्या इतिहासातले हे पान टाळू नये.

कवड्या मुख्यतः मालदीवच्या. त्या बंगालपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत चलन म्हणून चालल्या. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ सगळ्यांच्या ओळखीची आहे.

आरसेकाम आणि कवड्यांचे चौकोनी तुकडे कच्छ-सौराष्ट्रातून आणि बंजारा तांड्यांतून गेले. महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटकातल्या बंजारा बायकांचा फेटिया (घागरा), काचळी (चोळी) आणि ओढणी यांवर आरसे, नाणी आणि दाट टाक्यांचे भरतकाम असते. घागरीखालच्या चुंबळीला जोडलेल्या कापडावर कवड्यांच्या ओळी असतात. परदेशी पट्ट्यांवर ‘बंजारा पॅच’ म्हणून जे दिसते ते बहुधा अशा वस्त्रांतून कापलेले असते. बंजारा हे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहणारे लोक. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांतल्या अनेकांवर शिक्का बसला, तो १९५२ मध्ये निघाला. अंगावरच्या पेहरावावरून ज्यांना पोलिसांनी हटकले त्यांचाच पेहराव दुसरीकडे मंचावर मिरवला जातो, याची जाण ठेवूनच हे भाग हाताळावेत. अखंड जुना फेटिया पट्ट्यासाठी कापणे आम्हाला मुळीच मान्य नाही. आधीच सुटलेला, कडेने विरलेला तुकडा वापरणे वेगळे.

बांधणी

माप घ्यायचे ते नाचताना घालायच्या सगळ्या कपड्यांवरून. घेरदार घागरे एकावर एक घातले की नितंबांचा घेर सहज ४-५ सेंमी वाढतो. पट्टा बेंबीच्या ८ ते १० सेंमी खाली बसतो. तिथला घेर १०० सेंमी भरला तर मागचा तुकडा ४६ आणि पुढचा ४० सेंमी ठेवावा. दोन्ही बाजूंना सात-सात सेंमी मोकळे राहतात, तिथे बंद येतात. एकसंध पट्टा करू नये. वजन थोडे कमीजास्त झाले की तो निकामी होतो.

रुंदी १० सेंमी धरली तर खालची कड वरच्यापेक्षा प्रत्येक तुकड्यात ३ ते ४ सेंमी लांब हवी. शरीर त्या जागी खाली रुंदावत जाते, म्हणून सरळ पट्टी वरून सुटते आणि नाण्यांच्या भाराने बाहेर कलंडते. हा बाक कागदावर काढणे सोपे आहे. सरळ पट्टीला खालून वरच्या कडेपर्यंत पाच चिरा द्याव्यात, वरची कड न तोडता प्रत्येक चीर ७ मिमी उघडावी आणि त्यावरून नवा कागद कापावा.

तीन थर लागतात: वर गडद सुती कापड, मध्ये जाड कॅनव्हास, आत मांजरपाट. प्रत्येकी अर्धा मीटर पुरते. मांजरपाट धुऊन, आटवूनच घ्यावा, नाहीतर पहिल्या घामानंतर अस्तर आखडते आणि पट्टा वळतो. मध्ये बकरम घालण्याचा मोह होतो, पण घामाने त्याची खळ जाते आणि पट्ट्याला कायमच्या घड्या पडतात. कापडाचा उभा धागा पट्ट्याच्या लांबीत यावा. तिरपा कापला तर वजनाने पट्टा ताणत जातो. थर डिंकाने चिकटवू नयेत, सुई अडते. दर दीड सेंमीवर आडव्या शिलाया मारून ते एकजीव करावेत.

बंद याच टप्प्यावर लावायचे, कारण कवड्या बसल्यावर मशिनचा पाय तिथे जात नाही. अडीच सेंमी रुंदीची सुती नवार घ्यावी. मागच्या तुकड्याच्या प्रत्येक टोकाला दोन, प्रत्येकी ५० सेंमी, आणि पुढच्या तुकड्याला समोरासमोर धातूच्या कड्या. एकाच बंदावर भागवले तर वरची किंवा खालची कड फडफडते. नवार थरांच्या आत ८ सेंमी शिरवून चौकोनी फुली शिलाई घालावी. नुसती कडेला शिवली की ती कड फाडूनच बाहेर येते. हुक टाळावेत. जोरदार शिमीत, म्हणजे नितंबांच्या वेगवान थरथरीत, ते निसटतात.

जडण्याचा क्रम आधी भरतकामाचे तुकडे, मग कवड्या, मग पदके, मग नाणी आणि शेवटी गोंडे असा. खालच्या कडेला २० मिमीच्या कवड्या उभ्या, शेजारीशेजारी लावल्या तर दोन्ही तुकड्यांना मिळून ६० ते ६५ लागतात. फुटतुटीसाठी ७० घ्याव्यात. पाठ कापलेली कवडी सपाट बसते, पण कापलेली धार दोरा करवतते. बारीक कानशीने ती धार बोथट करून घ्यावी. मेण लावलेला जाड नायलॉन दोरा घ्यावा आणि दर तीन कवड्यांमागे गाठ मारावी. सलग दोऱ्यावर ओवलेली रांग एका ठिकाणी तुटली की मंचभर सांडते, आणि अनवाणी पायाखाली आलेली कवडी रक्त काढते.

नाणी थेट कापडाला टाचू नयेत. भोकाची कड दोरा कापते. एक मिमी जाडीच्या पितळी तारेच्या छोट्या कड्या वापराव्यात. कडी उघडताना तोंडे मागेपुढे पिळायची. बाहेर फाकवली तर ती पुन्हा नीट मिटत नाही आणि नाणे घरंगळते. लोखंडी कड्या आणि घुंगरू घामाने गंजून घाघऱ्यावर डाग पाडतात.

पदके तीन पुरेत: पाठीमागे मधोमध एक आणि दोन्ही नितंबांवर एकेक. कुची पदकांच्या मागचा पत्रा धारदार असतो. त्याच्या आकाराचा फेल्ट कापून मागे शिवावा. त्यांच्या धातूत बहुधा निकेल असते. ते काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून धातूचा कोणताही टाका अस्तरापलीकडे अंगाला लागता कामा नये.

गोंड्यांसाठी ३० सेंमीचा जाड पुठ्ठा आणि चार पदरी लोकर. ६० वेढे घ्यावेत, वरून दोऱ्याने पक्के बांधावे, ४ सेंमीवर मान घट्ट गुंडाळावी आणि खालचे फास कापावेत. एक गोंडा १८-२० ग्रॅमचा होतो. दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि मागे तीन, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम लोकर. अॅक्रिलिक हलके असते, गिरकीत उडते आणि हालचालीच्या मागोमाग येत नाही. नितंब थांबल्यावर क्षणभराने गोंडा पोहोचला पाहिजे. गुडघ्याखाली मात्र जाऊ देऊ नये, बसकणीच्या हालचालीत पायाखाली येतो.

असा पट्टा पाऊण ते सव्वा किलोत बसतो. दोन किलोच्या पुढे गेला की तो सरकतो, आणि मुख्य म्हणजे बारीक थरथर वजनातच जिरते. लोकांना अधिक लावण्याची हौस असते. आमचा कल नेहमी कमी करण्याकडे आहे.

२००० नंतर ट्रायबल फ्यूजन, म्हणजे ट्रायबलमध्ये इतर नाच मिसळणारी शैली, पसरली. रेचल ब्राइस यांच्या ‘द इंडिगो’सारख्या संचांनी घागऱ्याचा घेर कमी केला, कधी नुसती ताणणारी विजार ठेवली. स्नायूंची सुटी, बारीक हालचाल दाखवायची म्हणून पट्टेही अरुंद आणि अंगासरशी झाले. गुळगुळीत कापडावर मांजरपाटाचे अस्तर घसरते, तिथे आतून मऊ खरबरीत चामडे लावतात.

२०२० मध्ये ‘फॅटचान्स’ने आपल्या शैलीच्या नावातून ‘ट्रायबल’ हा शब्द काढला आणि तिला ‘एफसीबीडी स्टाइल’ (संचाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) म्हणायला सुरुवात केली. फ्यूजन करणाऱ्या अनेकांनीही तो सोडला. पट्टे बनवणाऱ्यांतही बदल दिसतो. भागांची नावे आणि गावे सांगितली जातात, जुने कापण्याऐवजी नवे बनवून घेतले जाते. बंजारा काम नव्याने करून घेण्याची सोय आपल्याजवळच आहे. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी (तिथे बंजारांचे नाव) भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिथल्या संडूर कुशल कला केंद्रात बायका ते करतात. असे काम कुठेही सांगताना तुकडा पट्ट्याच्या रुंदीपेक्षा २ सेंमी कमी ठेवायला सांगावा, म्हणजे वरखाली कवड्यांची ओळ मावते. चारी बाजूंना दीड सेंमी कोरे कापड मागावे आणि आरसे काचेचेच हवेत हे आधी बोलून घ्यावे. प्लास्टिकचे आरसे वर्षभरात ओरखडून आंधळे होतात. ते बदलायचे तर भोवतीचा सगळा काजाचा टाका उसवावा लागतो.