हौसेचा डबा

रंकाळ्यावर संध्याकाळी भेळेच्या गाड्यांजवळ गेलं की भेळ आधी कानाला कळते. पातेल्यात चमचा खणखणत असतो. चिरमुरे, फरसाण, कांदा, कोथिंबीर, वरून चिंचेचं पाणी, आणि मऊ पडायच्या आत सगळं कागदावर. मागच्या हिवाळ्यात आईला मुद्दाम तिथं घेऊन गेले. सत्तरी ओलांडलेली, पेन्शन वेळेवर येणारी, डोक्यावर कर्ज नसलेली बाई. भेळवाल्यानं पातेलं उचललं तसा तिनं माझा हात धरला. "नको गं. घरात चिरमुरे हायत की."

तिला भेळ हवी होती. नजर पातेल्यावरून हलत नव्हती.

अशा माणसाला आपण चिकट म्हणून मोकळे होतो. पण २००८ साली स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी तेरा हजारांहून जास्त लोकांच्या खर्चाच्या सवयी तपासल्या, तेव्हा हात आखडणारे उधळ्यांपेक्षा जास्त निघाले, साधारण तीनास दोन. त्यांनी केलेला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. काटकसरी माणसाला पैसे वाचवण्यात सुख असतं. हात आखडणाऱ्याला पैसे देताना त्रास होतो. बाहेरून दोघं सारखीच दिसतात. दुसऱ्याला मात्र 'घ्यायला हवं होतं' हे स्वतःलाच पटत असतं, तरी हात पाकिटाकडे जात नाही.

हा त्रास मेंदूत कुठं उमटतो? ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २६ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून आधी वस्तू दाखवली, मग किंमत, आणि मग घेणार का ते विचारलं. वस्तू आवडली की न्यूक्लियस अक्युम्बन्स हा भाग जागा व्हायचा. किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला. दुखण्याची चाहूल लागली, किळस आली, तरी हाच इन्सुला सक्रिय होतो. तो इतरही पुष्कळ कामं करतो, त्यामुळे 'पैसे देणं म्हणजे मेंदूला चटका' असं छातीठोकपणे म्हणू नये. पण या भागांच्या हालचालीवरून माणूस ती वस्तू घेईल की सोडेल, याचा अंदाज त्यानं उत्तर देण्याआधीच बांधता आला, हे खरं.

म्हणजे अडतं ते पैसे द्यायच्या क्षणाला. रिक यांच्याच एका प्रयोगात पाच डॉलरच्या शुल्काला नुसतं 'छोटंसं' म्हटलं, तर हात आखडणारे जास्त संख्येनं तयार झाले. उधळ्यांना त्या शब्दानं काही फरक पडला नाही.

आईला मी उपदेश केला नाही. ज्या काळात घरात एकच पगार होता आणि शाळेची फी दोघांची, त्या काळात याच सवयीनं आम्हाला तारलं. तिची चेष्टा करणं मला जमणार नाही.

मी तिच्या फडताळाकडे पाहिलं. लाइट बिलाचा डबा, दुधाचा, भिशीचा, अंबाबाईच्या ओटीचा. रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामातला एक मोठा भाग याच डब्यांवर आहे. रुपया कुठलाही असो, किंमत तीच, पण मन त्याच्यावर खात्याचं नाव लिहून ठेवतं. आईच्या फडताळात तिच्या नावाचं खातंच नव्हतं. मग भेळ खायची म्हणजे तिच्या मनात दुधाच्या नाहीतर देवीच्या डब्यातून पैसे काढल्यासारखंच होणार.

पाडव्याला एक डबा वाढवला. पेन्शन आली की पहिल्या तारखेला ती स्वतःच्या हातानं त्यात थोडे पैसे टाकते. यामागेही अभ्यास आहे. ड्राझेन प्रेलेक आणि लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये मांडलं की पैसे आधी देऊन झाले असतील तर नंतरचा उपभोग जवळजवळ फुकटासारखा वाटतो. सहलीचे पैसे आधी भरलेला माणूस सहलीत मोजत बसत नाही. डब्यात टाकताना जे काय दुखायचं ते दुखून जातं.

दोन महिन्यांनी उघडला तर डबा भरलेला. हातच लावला नव्हता! सुझन शू आणि उरी ग्नीझी यांनी २०१० मध्ये हाच स्वभाव टिपला होता. पेस्ट्रीचं कूपन काहींना तीन आठवड्यांच्या मुदतीचं दिलं, काहींना दोन महिन्यांच्या. लांब मुदत मिळालेले खूश झाले, पण कूपन प्रत्यक्षात वापरणारे जास्त निघाले ते कमी मुदतवाल्यांत. सुखाला 'पुढं बघू' म्हणणं फार सोपं असतं. ते साठत जातं, त्याचं ओझंही होतं. रॅन किवेट्झ आणि अनॅट केनन यांच्या २००६ च्या अभ्यासात सुट्टीत मजा केल्याची टोचणी काळाबरोबर विरत गेली, मजा न केल्याची चुटपुट वर्षभरानं वाढली, आणि चाळीस वर्षांनी तर आणखी.

म्हणून डब्याला नियम लावला. महिनाअखेर तो रिकामा दिसला पाहिजे, उरलेलं भिशीत टाकायचं नाही. आईनं नाक मुरडलं.

गेल्या महिन्यात तीस तारखेला दुपारीच तिचा फोन आला. "डब्यात साठ रुपयं हायत. सहाला ये, उशीर करू नकोस." रंकाळ्यावर ती माझ्याआधी पोचली होती. पैसे मुठीतच होते, नोटा घामानं ओलसर झालेल्या. भेळवाल्याच्या हातात ठेवताना ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तिखट घाल रं जरा."