वेल कागदात घुसली!

परभणीत एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकेचा नमुना टेबलावर पसरला होता. मी आणि दुकानदार एका बाजूला, वधूपिता समोर. आम्हाला कडेची वेलबुट्टी कागदातून छान वर उठलेली दिसत होती. काका मात्र वैतागले, "भाऊ, ही वेल तर कागदात घुसली की!" दुकानदाराने नमुना त्यांच्याकडे फिरवला, तर वेल लगेच वर आली. आता मात्र आम्हाला ती खोल दिसायला लागली.

वेल नुसती छापलेली होती, उठाव कॉम्प्युटरवर केलेला भास. खरा एम्बॉस, म्हणजे कागदावर उठवलेली नक्षी, असता तर बोट फिरवून वाद मिटला असता. तिथे कागद दोन डायमध्ये, म्हणजे साच्यांमध्ये, दाबतात. एक डाय खोलगट, दुसरी उठावाची. कागदाचे तंतू ताणले जातात आणि नक्षी कायमची उठते. कॉम्प्युटरवर उठत काहीच नाही. तिथे आहे फक्त वजाबाकी.

चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा, 0 काळा आणि 255 पांढरा. एम्बॉस फिल्टर एकेका ठिपक्यापाशी थांबतो, वर-डावीकडच्या शेजाऱ्यातून खाली-उजवीकडचा शेजारी वजा करतो आणि उत्तरात 128 मिळवतो. समजा कागद 200 चा आणि वेल 60 ची. कोऱ्या जागी 200 वजा 200, अधिक 128, म्हणजे मधला करडा. वेलीच्या आतही 60 मधून 60 गेले, पुन्हा तोच करडा. गंमत फक्त काठावर होते. वरच्या-डाव्या काठावर 140 अधिक 128 म्हणजे 268, पण मर्यादा 255 ची, म्हणून लख्ख पांढरा. खालच्या-उजव्या काठावर उणे 12, म्हणजे ठार काळा. एक काठ उजळ, समोरचा सावलीत. बस, एवढंच.

बाकीचं काम आपला मेंदू करतो. उजेड वरून येतो, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. वरचा काठ उजळ दिसला की तो म्हणतो उंचवटा, खालचा उजळला की खड्डा. तामिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 मध्ये छटा दिलेल्या साध्या गोलांवर हे दाखवलं. त्यात 'वर' म्हणजे आभाळाकडे नव्हे, तर आपल्या डोक्याकडे. म्हणून ओणवं होऊन दोन पायांमधून पाहिलं तरी खड्ड्याचा उंचवटा होतो. (दुकानात नका करू.) पावसाळ्यात काळ्या रानात उमटलेल्या बैलाच्या खुराचा फोटो काढा, ऊन तिरपं असताना, आणि मोबाईल उलटा धरा. बहुतेकदा चिखलात टेंगूळ आलेलं दिसेल.

आता पत्रिकेचं. नुसता फिल्टर मारला की नक्षी पत्र्यावर ठोकल्यासारखी दिसते, कारण काठ फार धारदार येतात. कागद असा कोपऱ्यात मोडत नाही, तो हळू वळतो. म्हणून आधी नक्षी थोडी ब्लर करावी, मग एम्बॉस, तोही हलका. हा करडा थर कागदाच्या पोताच्या फोटोवर ठेवून थर मिसळण्याची 'ओव्हरले' ही पद्धत निवडावी. त्या पद्धतीत मधला करडा खालच्या रंगाला हात लावत नाही, त्यामुळे कागदाचा पोत तसाच राहतो आणि काठावर तेवढा ऊन-सावलीचा खेळ दिसतो. पोताच्या फोटोतला उजेडही त्याच बाजूचा हवा, नाहीतर कागदावर दोन सूर्य उगवतात.

काकांनी शेवटी साधी छपाईच घेतली. पाहुणे पत्रिका कोणत्या बाजूने धरतील, याची खात्री त्यांना दुकानदार देऊ शकला नाही.